सर्दी-खोकल्यानंतर मुलांना द्यावयाची भूल : काळजी आणि कर्तव्य

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत भूल विभागाच्या वतीने करण्यात आलेले भाषण)



वार्षिक सभेत आपण वर्षभरातील कामाचा आढावा घेतो, नव्या यंत्रांची माहिती ऐकतो आणि पुढील वर्षाचे संकल्प करतो. या आढाव्यात भूल विभागाचा उल्लेख बहुधा एका ओळीत संपतो आणि त्याची आम्हांला खंत नाही. भूल नीट दिली गेली की ती कोणाच्या स्मरणात राहत नाही. मूल झोपते, जागे होते आणि आईच्या कुशीत जाते. आज मात्र आम्ही आपला थोडा वेळ मुद्दाम मागून घेतला आहे. विषय साधा वाटणारा आहे : लहान मुलाची सर्दी.

हर्निया, न उतरलेला अंडकोष, दुभंगलेला ओठ किंवा टाळू, वाढलेले टॉन्सिल अशा कारणांनी मुले शस्त्रक्रियेसाठी येतात. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. तेव्हापासून अंगणवाडीत व शाळेत मुलांची तपासणी होऊ लागली आणि पूर्वी घरातच राहून गेलेले दोष वेळीच ध्यानात येऊ लागले. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु या मुलांपैकी कितीतरी जणांचे नाक नेमके शस्त्रक्रियेच्या सकाळी वाहत असते, किंवा मागील पंधरवड्यात त्यांना खोकला होऊन गेलेला असतो. अशा मुलाला त्या दिवशी भूल द्यावी, की घरी परत पाठवावे? या एका प्रश्नाविषयी आज आम्ही बोलणार आहोत, कारण त्याचे निम्मे उत्तर आमच्याकडे आहे आणि निम्मे आपल्याकडे.

श्वासाकडे पाहण्याचा धडा

भूल आणि श्वास यांच्या नात्याचा इतिहास आपल्या प्रदेशाला परका नाही. एकोणिसाव्या शतकात परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याच संस्थानाच्या राजधानीत १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्मसंबंधी दोन आयोग नेमले गेले. क्लोरोफॉर्मने येणारा मृत्यू हृदय बंद पडल्याने येतो की श्वास थांबल्याने, हा त्या काळचा मोठा वाद होता. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचे मत असे की, भूल देणाऱ्याने नाडीपेक्षा श्वासाकडे लक्ष ठेवावे. दुसऱ्या आयोगासाठी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी खर्च दिला आणि लंडनहून डॉ. लॉडर ब्रंटन हैदराबादला आले. भारतातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञ म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्या रूपाबाई फरदुनजी याच हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत घडल्या.

क्लोरोफॉर्म हृदयाला धोका करीत नाही, हा आयोगाचा निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी ते औषध हृदयाची लय बिघडवू शकते हे दाखवून दिले. क्लोरोफॉर्मही शस्त्रक्रियागृहातून कधीच निघून गेला. परंतु श्वासावरची नजर ढळू देऊ नये, हा लॉरींचा आग्रह आजही तितकाच खरा आहे आणि लहान मुलांच्या बाबतीत तर विशेषच खरा आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत युरोपातील ३३ देशांच्या २६१ रुग्णालयांतून मुलांना दिलेल्या सुमारे ३१ हजार भुलींचा अभ्यास करण्यात आला. भुलीच्या काळात उद्भवलेल्या गंभीर प्रसंगांत श्वसनाचे प्रसंग सर्वांत अधिक होते. सर्व सोयी असलेल्या देशांतील ही स्थिती आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

सर्दीत नेमके काय घडते

सर्दी नाकात दिसते, पण ती नाकापुरती नसते. विषाणूमुळे श्वासमार्गाच्या आतील अस्तर सुजते, चिकट स्राव वाढतो आणि श्वासनलिकांभोवतीच्या स्नायूंना आवरून धरणारा चेतासंस्थेचा लगाम सैल होतो. अशा वेळी थोडासा स्पर्श, लाळेचा एखादा थेंब किंवा थंड वायूची झुळूक एवढेही निमित्त पुरते. घशातील स्वरतंतू एकदम घट्ट मिटतात, किंवा छातीतील बारीक श्वासनलिका आकसतात. जागेपणी मूल खोकून मोकळे होते. भुलीत ते खोकू शकत नाही, किंवा खोकला सुरू झाला तर थांबत नाही, आणि शरीरातील प्राणवायू झपाट्याने उतरू लागतो.

मोठ्या माणसापेक्षा मुलाला याचा त्रास अधिक का होतो, हे साध्या हिशेबाने समजते. तान्ह्या बाळाच्या श्वासनलिकेचा व्यास सुमारे ४ मिलिमीटर असतो. तिच्या आत चहूबाजूंनी १ मिलिमीटर सूज आली तर मोकळी जागा चौथा हिस्साच उरते आणि शांत श्वासातही हवेला होणारा अडथळा १६ पट वाढतो. ८ मिलिमीटर व्यासाच्या मोठ्या नलिकेत तेवढीच सूज आली तर अडथळा तिपटीच्या आसपास वाढतो. त्यात बाळाला वजनाच्या मानाने प्रौढाच्या जवळजवळ दुप्पट प्राणवायू लागतो आणि फुप्फुसातील शिल्लक थोडी असते. म्हणजे घर लहान, खर्च मोठा आणि गाठीला पैसा नाही, अशी ती अवस्था होय.

कॅनडात १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सर्दी असलेल्या मुलांत श्वसनाच्या अडचणी २ ते ७ पट अधिक आढळल्या. श्वासनलिकेत नळी घातलेल्या मुलांत हे प्रमाण ११ पट होते. अशा बहुतेक अडचणी तत्काळ ओळखल्या तर काही क्षणांत दूर होतात, हे येथे बसलेल्या माता-पित्यांना आम्ही आवर्जून सांगू इच्छितो. तथापि ओळखण्यास उशीर झाला तर तेच काही क्षण फार महाग पडतात.

थांबावे किती दिवस?

ऐकणाऱ्याच्या मनात सहज येईल की, मग सर्दी असली की शस्त्रक्रिया करूच नये. अनेक वर्षे नियम जवळपास तसाच होता. श्वासमार्गाचा हळवेपणा सहा आठवड्यांपर्यंत राहू शकतो, म्हणून सहा आठवडे थांबावे असे सांगितले जाई. पण लहान मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होते. प्रत्येक सर्दीनंतर सहा आठवडे थांबायचे ठरवले, तर काही मुलांना वर्षभरात मोकळा दिवसच मिळणार नाही. टाळू दुभंगलेल्या मुलाचे नाक तर त्या दोषामुळेच बारा महिने वाहत असते. ते कोरडे होण्याची वाट पाहणे म्हणजे शस्त्रक्रिया कायमची टाळणे होय, आणि तोवर मुलाचे बोलणे बिघडत जाते. तान्ह्या बाळाच्या हर्नियात आतडे अडकण्याची भीती असते. तेथे लांबणीवर टाकणे हाच एक धोका ठरतो.

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे ९,२९७ मुलांवर झालेला आणि २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत मार्गदर्शक ठरला. भुलीच्या वेळी सर्दी असणाऱ्या किंवा मागील दोन आठवड्यांत ती होऊन गेलेल्या मुलांत धोका स्पष्टपणे वाढलेला दिसला. दोन आठवडे उलटून गेलेल्या मुलांत तसा वाढलेला दिसला नाही. यास्तव आज आम्ही सर्दीचे नाव ऐकताच मुलाला परत पाठवीत नाही आणि सर्दीकडे डोळेझाकही करीत नाही. आम्ही मुलांचे तीन गट करतो.

पहिला गट : नाकातून पातळ पाणी, ताप नाही, छाती स्वच्छ, मूल खेळते व खाते आहे, शस्त्रक्रिया छोटी आहे. अशा मुलाला अनुभवी भूलतज्ज्ञाच्या हातून, पूर्ण तयारीनिशी भूल देता येते.

दुसरा गट : ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, ओला खोकला, छातीत घरघर, मलूलपणा. येथे शस्त्रक्रिया तातडीची नसेल तर आम्ही ती पुढे ढकलतो. त्रास नाका-घशापुरता असेल तर मूल बरे झाल्यापासून किमान दोन आठवडे, आणि छातीपर्यंत गेला असेल तर त्याहून अधिक काळ थांबतो.

तिसरा गट : अडकलेला हर्निया, फुटलेले अपेंडिक्स, घशात अडकलेली वस्तू. येथे थांबण्याचा प्रश्नच नाही. सर्दी असली तरी शस्त्रक्रिया होते, फक्त आमची तयारी दुप्पट असते.

या तीन गटांच्या सीमेवर उभी असलेली मुले पुष्कळ असतात आणि खरा निर्णय तेथेच कठीण असतो. २०१४ साली सुचवण्यात आलेली एक पद्धत अशा वेळी उपयोगी पडते. आजची लक्षणे कशी आहेत, आजार केव्हा सुरू झाला, फुप्फुसाचा जुना त्रास आहे काय, श्वासमार्गात कोणते साधन घालावे लागेल आणि शस्त्रक्रिया कोणती आहे, अशा पाच प्रश्नांना गुण देऊन धोक्याचा अंदाज घेतला जातो. या पाचांपैकी शेवटची दोन उत्तरे आम्ही देतो. पहिली तीन फक्त आईच देऊ शकते.

शस्त्रक्रियागृहात घेतली जाणारी काळजी

भूल द्यावयाचे ठरले की धोका कमी करण्याचे मार्ग आज बऱ्यापैकी स्पष्ट झाले आहेत. ते महागड्या यंत्रांपेक्षा पद्धतीवर अधिक अवलंबून आहेत.

श्वासनलिकेत नळी घालणे हे हळव्या श्वासमार्गाला सर्वांत अधिक डिवचणारे असते. म्हणून शस्त्रक्रियेचे स्वरूप परवानगी देत असेल तेथे केवळ मास्क, किंवा घशात स्वरयंत्राच्या वर बसणारा लॅरिंजियल मास्क वापरला जातो. एक वर्षापर्यंतच्या बालकांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नळी घातलेल्यांपैकी ५३ टक्के बालकांना, तर लॅरिंजियल मास्क वापरलेल्यांपैकी १८ टक्के बालकांना श्वसनाच्या अडचणी आल्या. पोटाच्या किंवा घशाच्या अनेक शस्त्रक्रियांत नळी टाळता येत नाही. तेथे ती योग्य मापाची असावी आणि भूल पुरेशी खोल झाल्यावरच घालावी, हे पथ्य पाळावे लागते.

धोका अधिक असलेल्या मुलात वायू हुंगवून झोपवण्यापेक्षा शिरेतून प्रोपोफॉल देऊन झोपवणे अधिक सुरक्षित ठरते, असे २०१८ सालच्या अभ्यासात दिसले. यासाठी मुलाला आधी सुई टोचावी लागते आणि मूल रडते. आईला ते पाहवत नाही. परंतु त्या अश्रूंमागे हे कारण आहे, हे आपण समजून घ्यावे. सुई टोचण्यापूर्वी त्वचा बधिर करणारे मलम लावले तर तेही दुःख कमी होते.

दम्यासाठी वापरले जाणारे साल्ब्युटामोल हे औषध भुलीपूर्वी श्वासावाटे दिल्यास लाभ होतो. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या आठ वर्षांपर्यंतच्या मुलांत, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीनुसार, श्वसनाच्या अडचणींचे प्रमाण या औषधाने सुमारे ४८ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर आले. औषध जुने, स्वस्त आणि कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी मिळणारे आहे.

भूल उतरण्याची वेळही चढण्याच्या वेळेइतकीच नाजूक असते. स्वरतंतू पुष्कळदा मूल अर्धवट जागे असताना मिटतात. म्हणून घशातील स्राव मूल गाढ झोपेत असतानाच काढून घ्यावा लागतो, त्याला कुशीवर निजवावे लागते आणि पूर्ण जागे होईपर्यंत परिचारिकेने त्याच्या उशाशी उभे राहावे लागते. स्वरतंतू मिटलेच तर करावयाच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. मास्कने दाबाखाली शुद्ध प्राणवायू देणे, जबडा पुढे उचलणे, भूल खोल करणे आणि तरीही वाट मोकळी न झाल्यास स्नायू शिथिल करणारे औषध देणे. हे औषध मुलाच्या वजनाप्रमाणे मोजून हाताशी तयार ठेवलेले असावे लागते. त्या क्षणी कुपी शोधण्यास वेळ नसतो.

पूर्वी ओठ निळे दिसले की प्राणवायू उतरल्याचे कळे, आणि तोवर उशीर झालेला असे. १९७४ साली जपानच्या ताकुओ आओयागी यांनी ज्याचे तत्त्व मांडले, तो पल्स ऑक्सिमीटर आज बोटाला लावताच ती बातमी आधी देतो. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ त्याहूनही आधी सावध करतो. लॉरींच्या काळी श्वास डोळ्यांनी पाहिला जाई, आज तो पडद्यावरही दिसतो. पण पडद्याकडे पाहणारा अनुभवी माणूस तेथे हवाच. वर सांगितलेल्या युरोपीय पाहणीतही भूलतज्ज्ञाचा अनुभव जसा अधिक, तसे गंभीर प्रसंग कमी, असेच दिसून आले.

सर्दी का लपवली जाते

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. वरील सर्व काळजीचा पाया म्हणजे घरून मिळणारी खरी माहिती. ती पुष्कळदा मिळत नाही. तपासणीच्या खोलीबाहेर मुलाचे नाक पुसले जाते, सकाळी तापाचे औषध पाजले जाते, आणि विचारले असता "काही नाही, एकदम चांगलाय" असे उत्तर येते.

यात आई-बापाला दोष देणे आम्हांला योग्य वाटत नाही. आपल्या जिल्ह्यातील जीवन आपण सारे जाणता. जिंतूर, पालम किंवा सोनपेठकडील एखाद्या वस्तीवरून निघालेले कुटुंब पहाटे एस.टी. गाठते. दोघांची मजुरी बुडते, घरी राहिलेल्या लेकरांसाठी आणि जनावरांसाठी कोणाची तरी विनवणी केलेली असते. दसरा-दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, निघण्याचा दिवस ठरलेला असतो, आणि त्यापूर्वी मुलाचे ऑपरेशन उरकावे अशी धडपड असते. हातची तारीख गेली तर पुढची केव्हा, या विचाराने आई सर्दी लपवते. ती मुलाच्या भल्यासाठीच लपवते, आणि नेमके त्यामुळेच मुलाचा जीव धोक्यात येतो.

ज्या व्यवस्थेत खरे सांगणाऱ्याला तारीख गमवावी लागते, तेथे खरे कोणी सांगत नाही. म्हणून ही सवय उपदेशाने जाणार नाही, तर व्यवस्था बदलल्याने जाईल, अशी आमची धारणा आहे. याच धारणेतून आम्ही तीन गोष्टींचा आग्रह धरला आहे. सर्दीमुळे परत पाठवलेल्या मुलाला त्याच वेळी नवी तारीख लेखी मिळावी आणि त्या दिवशी त्याचा क्रम पहिला असावा. शस्त्रक्रियेच्या दोन-तीन दिवस आधी कुटुंबाला दूरध्वनी करून मुलाच्या प्रकृतीची चौकशी व्हावी, म्हणजे व्यर्थ हेलपाटाच टळेल. आणि तरीही कोणाला परत जावे लागलेच, तर येण्या-जाण्याचे भाडे रुग्णालयाने सोसावे.

पालकांना विनंती

माता-पित्यांना आमची विनंती आहे की, पुढील गोष्टी न विचारताही आम्हांला सांगाव्यात.

१) गेल्या चार आठवड्यांत सर्दी, खोकला किंवा ताप येऊन गेला काय? किती दिवस झाले?

२) मुलाला पूर्वी कधी डबा झाला होता काय? पोट उडणे, धाप, छातीत शिट्टीसारखा आवाज, रात्री कोरडा खोकला असे कधी होते काय?

३) मूल दिवस भरण्यापूर्वी जन्मलेले आहे काय?

४) घरात कोणाला दमा आहे काय? मुलाच्या अंगाला वारंवार खाज किंवा चट्टे येतात काय?

५) घरात कोणी बिडी-सिगारेट ओढते काय? स्वयंपाक चुलीवर होतो काय?

शेवटच्या प्रश्नाचे अनेकांना आश्चर्य वाटते. परंतु धुरात वाढणाऱ्या मुलाचा श्वासमार्ग आधीच चिडलेला असतो, आणि घरातील धूम्रपानाने भुलीतील अडचणी वाढतात हे पर्थच्या अभ्यासातही दिसले आहे. तान्ह्या बाळाला न्हाऊ घातल्यावर शेगडीवर ओवा-लसणाची धुरी देण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यामागील माया आम्ही जाणतो. तरी शस्त्रक्रिया ठरलेल्या बाळाला धुरी देऊ नये, त्याला चुलीपासून दूर ठेवावे आणि घरातील पुरुषांनी बिडी अंगणाबाहेर न्यावी. ती सोडली तर उत्तमच.

आणखी एक सूचना. हर्निया असलेल्या बाळाची गाठ टणक झाली, आत जाईनाशी झाली, बाळ सारखे रडू लागले किंवा उलट्या करू लागले, तर सर्दी असो वा ताप, क्षणभरही न थांबता रुग्णालयात यावे. "सर्दी बरी झाल्यावर या" हा आमचा निरोप त्या प्रसंगासाठी नाही.

देणगीदारांस निवेदन

देणगीदार बंधु-भगिनींनो, इमारतीवर कोरलेले नाव दिसते, यंत्रावर लावलेली पाटी दिसते. आज आम्ही आपल्याकडे जे मागत आहोत, त्यावर पाटी लावता येणार नाही. लहान मापांचे लॅरिंजियल मास्क, बालकांच्या बोटाला बसणारे ऑक्सिमीटरचे सेन्सर, साल्ब्युटामोल देण्याची साधने, त्वचा बधिर करणारे मलम, जागे होण्याच्या खोलीत एक जास्तीची प्रशिक्षित परिचारिका, आणि परत जाणाऱ्या कुटुंबाच्या हाती द्यावयाचे एस.टी.चे भाडे. यांतील शेवटची रक्कम सर्वांत छोटी आहे. परंतु आमच्या मते तिनेच सर्वाधिक सुरक्षितता लाभेल, कारण परतीच्या भाड्याची चिंता मिटली की आईला खरे सांगता येते.

विश्वस्त मंडळालाही आमचे सांगणे आहे. पुढे ढकललेल्या शस्त्रक्रियांची संख्या अहवालात कामातील उणीव म्हणून मोजली जाऊ नये. योग्य कारणाने परत पाठवलेले आणि पंधरा दिवसांनी हसत घरी गेलेले मूल हे रुग्णालयाचे यशच आहे. त्या संख्येशेजारी आणखी एक संख्या मात्र आपण आमच्याकडून दरवर्षी अवश्य मागावी : परत पाठवलेल्यांपैकी किती मुले पुन्हा आली? जी आली नाहीत, त्यांचा शोध घेणे हेही भूल विभागाचे कर्तव्य आहे असे आम्ही मानतो.